बर्फावरच्या सतरंज्या

बादली काठोकाठ भरलेली होती. काल संध्याकाळी अच्युतनं ती जेवढी भरून ठेवली होती तेवढीच. वर फक्त पापडासारखा बर्फाचा पातळ थर धरलेला. त्यानं रोजच्या सवयीनं हातोडीच्या दांड्यानं तो फोडला, तुकडे हातानं काढून कोपऱ्यात टाकले, आणि घरून आणलेली गरम पाण्याची किटली उचलली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ओतायला जागाच नाही. घोडा रात्रभर प्यालेला नव्हता. पुढ्यातलं वाळलेलं गवतही तसंच पडलं होतं, आणि घोडा भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून उभा होता. अच्युत बादलीकडे बघत राहिला. खरं तर आधी भीती वाटायला हवी होती. पण भीतीच्या आधी त्याला एकदम हलकं वाटलं, खांद्यावरची जड पिशवी कुणी न सांगता काढून घ्यावी तसं. सुटलो, असं वाटलं. ते इतकं स्पष्ट होतं की त्यानं मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. बार्नमध्ये दुसरं कोण असणार? मग भीती आली, भीतीच्या मागून लाज आली, पण पहिला नंबर जो लागायचा तो लागून गेला होता.

घोडा असा आत कोंडून पडल्याला आठवडा उलटला होता. आधी बर्फ पडला, मग त्यावर पाऊस पडला, आणि पाऊस पडता पडताच गोठला. मिशिगनमधल्या नोव्हायच्या पश्चिमेला, जिथे सारख्या रंगांची सारखी घरं संपून अधूनमधून शेतं लागतात, तिथे अच्युतचं घर, मागे तीन एकर कुरण आणि दोन स्टॉलचा लाकडी बार्न. सरला, त्याची बायको, बार्नला पहिल्या दिवसापासून गोठा म्हणायची. घरापासून गोठ्यापर्यंतची एवढीशी वाट आता काचेची झाली होती. अच्युत बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून, म्हाताऱ्या बगळ्यासारखा एकेक पाऊल टाकत यायचा. माणसाला पट्टे बांधता येतात. अर्ध्या टनाच्या धुडाला चार काटकुळ्या पायांवर त्या काचेवर कोण सोडणार? घोडा एकदा पडला आणि पाय मोडला की संपलं. म्हणून घोडा आत. आणि आत म्हणजे काय, तर बारा बाय बाराची खोली, ओला होत जाणारा भुसा, दगडासारख्या गोठलेल्या लिदी ज्या फावड्यानं उचलल्या तर टणकन उडून नडगीवर बसायच्या. सरकता दरवाजा रुळात गोठायचा. नळाला तर गेल्या गुरुवारपासून टिपूस नव्हता. बादलीतला हीटर बिघडला होता आणि नवा मागवलेला कुठल्यातरी ट्रकमध्ये कुठल्यातरी हायवेवर अडकला होता. पहिले दोन दिवस घोड्यानं भिंतीला लाथा मारल्या, नंतरचे दोन दिवस दाराची वरची फळी कुरतडली, आणि मग तो गप्प झाला. अच्युतला वाटलं, शहाणा झाला. माणसं गप्प झाली की आपल्याला असंच वाटतं.

घोडा खरं तर त्याचा नव्हताच. तो वैदेहीचा, त्याच्या मुलीचा. तांबूस रंगाचा म्हणून तिनं त्याचं नाव कॉपर ठेवलं, आणि सरलानं त्याच दुपारी त्याचं तांब्या करून टाकलं. वैदेही तेव्हा शाळेत होती, घोडा सहा वर्षांचा होता. महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना हसायला विषयच मिळाला. कुणाच्या मुली भरतनाट्यम शिकत, कुणाच्या पियानो, आणि अच्युतरावांची लेक घोडेस्वारी करते म्हटल्यावर कुणीतरी म्हणालं, आता जावई शोधायला नको, वरातीतला घोडा घरचाच आहे, नवरदेव तेवढा भाड्यानं आणा. पुढं वैदेहीच्या लग्नात खरोखरच तांब्याच्या पाठीवर लाल शाल घालून कबीरला बसवलं होतं, आणि कबीरनं, गरीब बिचाऱ्यानं, पार्किंग लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळे मिटून घेतले होते. त्याच्याही आधीची वर्षं अच्युतला जास्त आठवत. दर शनिवारी सकाळी तो वैदेहीला घोडेस्वारीच्या शिकवणीला न्यायचा. आठवडाभर त्याचं ऑफिस, तिची शाळा, घरात एकमेकांना ओझरते दिसणं. गाडीत ती मागं बसून इंग्रजीत बोलायची, तो मराठीत उत्तर द्यायचा, आणि परत येताना तिच्या कपड्यांना घोड्याच्या घामाचा वास यायचा. तो वास त्याला कुठून तरी आधीपासून ओळखीचा होता. ती कॉलेजला गेली, मग नोकरीला कॅलिफोर्नियात गेली, आणि घोडा मागं राहिला. दोन वर्षं, तीन वर्षं, कुणी काही ठरवलं नाही. लीद काढणं, पाणी, गवत, खुरं तासायला येणाऱ्या माणसाची वेळ ठरवणं हे सगळं हळूहळू अच्युतकडे आलं, आणि एक दिवस त्याच्या लक्षात आलं की सकाळी डोळे उघडले की पहिला विचार घोड्याचा येतो.

मग वैदेहीला आन्या झाली. सरला बाळंतपणाला म्हणून वैदेहीकडे फ्रीमाँटला गेली ती तीन महिन्यांसाठी. मग डे-केअरला जागा नाही म्हणून राहिली, मग आन्याला दात येतायत म्हणून राहिली, आणि आता आन्या चालायला लागली होती. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतकऱ्याकडे घोडा ठेवून अच्युतही जाऊन आला. टाउनहाउस छान होतं. कबीर वरच्या खोलीतून काम करायचा, म्हणून दिवसा कपाटाची दारं हळू लावायची. अच्युतनं मोडलेलं काहीतरी दुरुस्त करावं म्हणून घर धुंडाळलं, तर काहीच मोडलेलं नव्हतं. संध्याकाळी बागेत त्याच्यासारखेच आजोबा भेटायचे, स्वेटर घातलेले, हात पाठीमागं बांधून चालणारे; प्रत्येकाजवळ सांगायला एक मोठी नोकरी होती, ती त्यानं केव्हाच सोडलेली. तिथं त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. तो परत आला. तेव्हापासून दर रविवारी फोनवर वैदेही तेच विचारायची, घर विकायचं कधी, तुम्ही दोघं इकडे कायमचे कधी येताय. आणि दर रविवारी तो एकच वाक्य म्हणायचा, घोड्याचं काय? घोडं तिथंच अडायचं. आता मात्र वैदेहीनं केंटकीतली एक जागा शोधली होती, म्हाताऱ्या घोड्यांना मरेपर्यंत सांभाळतात अशी, आणि मार्चपर्यंत काय ते सांग, असं तिनं बजावलं होतं. सरला या बोलण्यात काही म्हणत नसे. तिचा श्वास फक्त ऐकू यायचा.

त्यानं स्टॉलचं दार उघडलं, घोड्याच्या मानेवर हात ठेवला. मान गरम होती. घोड्यानं वळून आपल्याच कुशीकडे पाहिलं, वरचा ओठ उलटा केला, आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागला. कोपऱ्यात रात्रभरातल्या दोनच लिदी होत्या, लहान, कोरड्या, आवळ्याएवढ्या. अच्युतनं टोपी काढली आणि घोड्याच्या पोटाला कान लावला. आयुष्यभर त्यानं हेच काम केलं होतं. गाड्यांमधले नको असलेले आवाज शोधायचे आणि घालवायचे: दाराची करकर, डॅशबोर्डच्या मागची कुरकुर, ताशी सत्तर मैलांवर कुठून तरी येणारी गुणगुण. बंद खोलीत गाडीत बसून तो डोळे मिटायचा आणि सांगायचा, डाव्या बाजूचा, मागचा, खालचा. ऑफिसातले लोक अच्युतचं ऍच करून त्याला हाक मारत आणि त्याच्या कानांवर विश्वास ठेवत. घोड्याच्या पोटात आवाज असतात, गडगड, खळखळ, जुन्या घरातल्या नळांसारखे. वैदेहीनं लहानपणी त्याचा कान धरून ते ऐकवले होते. आता तो डावीकडे ऐकत राहिला, मग उजवीकडे. उजवीकडे काही नव्हतं. आवाज घालवण्यात ज्याची हयात गेली तो माणूस तिथं वाकून एका आवाजाची भीक मागत होता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्या खंदकात गेलेल्या कुणाच्या तरी गाडीच्या मागं रांगेत थांबल्या होत्या. रस्ते असे आहेत, म्हणाल्या, संध्याकाळच्या आत पोचणं कठीण. मग एकेक प्रश्न विचारत गेल्या. पाणी किती, लीद किती, लोळतोय का, घाम आलाय का. पोट तटलंय, म्हणाल्या, थंड पाणी घोडे पीत नाहीत आणि उभं राहून आतडं चालत नाही. हिवाळ्यात हे होतंच. खायला काय देताय? गवत, अच्युत म्हणाला. आणि? थोडा खुराक. नेहमीएवढाच? नेहमीपेक्षा थोडा जास्त, म्हणाला. आणि चणे. चणे म्हणजे काय हे त्याला दोनदा सांगावं लागलं. काळे, भिजवलेले, रोज एक डबा. बाई रागावल्या नाहीत, आणि त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. आता तोंडात काहीही जाऊ देऊ नका, त्या म्हणाल्या. कोमट पाणी, किंचित गोड केलेलं, चिमूटभर मीठ. आणि चालवा. थोडं चालवा, थोडं थांबा, पुन्हा चालवा. पण बर्फावर नेऊ नका, पाय मोडला तर मला काहीच करता येणार नाही. म्हणजे चालवायचंही होतं आणि न्यायचंही नव्हतं, आणि बार्नमध्ये दोन स्टॉलच्या मधे जी जागा होती तिच्यात घोडा धड वळत नव्हता.

चणे त्यानं का घातले असावेत? मिरजेला स्टेशनसमोर टांग्यांचा अड्डा होता. शाळेला जाताना वाटेवर घोड्यांच्या तोंडांना तोबरे बांधलेले असायचे, आणि टांगेवाल्यांच्या लोखंडी बादल्यांत हरभरे भिजत पडलेले. ओल्या हरभऱ्यांचा आणि घोड्याच्या घामाचा मिळून एक वास यायचा. हाच तो वास, वैदेहीच्या कपड्यांचा. घोड्याला हरभरा, बैलाला पेंड, हे कुणी शिकवावं लागत नाही. घरातल्या इतर गोष्टींसारखं ते नुसतं माहीत असतं. तांब्या आत कोंडला गेला तेव्हा अच्युतला त्याची दया आली, बाहेर जाता येत नाही तर निदान खायला तरी चांगलं मिळू दे. नोव्हायच्या इंडियन स्टोअरमधून बर्फ पडायच्या आधी आणलेली काळ्या चण्यांची पिशवी होतीच. रात्री भिजत घालायचे, सकाळी न्यायचे. तांब्या हातातून खायचा, ओठांनी तळहात पुसून घ्यायचा, आणि डबा संपला की अच्युत म्हणायचा, अजून थोडे घे. अच्युतची आई अशीच ताटाशी उभी राहायची, पोळी हातात धरून, नाही म्हटलं तरी वाढायची. सरलाही फोनवर आधी हेच विचारायची, जेवलात का? प्रेम करायचं म्हणजे वाढायचं, दुसरी काही रीत त्यांच्या घरात नव्हती. पण मिरजेचे ते घोडे दिवसभर पळत होते. स्टेशन ते दवाखाना, दवाखाना ते स्टेशन, उन्हातान्हात, तोंडाला फेस येईपर्यंत. हे अच्युतला आत्ता आठवलं, फोन खिशात ठेवताना. हरभरा तेवढा लक्षात राहिला होता आणि पळणं विसरलं होतं.

घरी जाऊन त्यानं पाणी तापवलं. गोड करायला काकवी नव्हती, ज्यूस नव्हता. एकट्या माणसाच्या फ्रिजमध्ये असतं ते होतं, दही, लोणचं आणि अर्धा पाव. मग त्यानं सरलाच्या कपाटातून गुळाची ढेप काढली. ती गेली तेव्हा अर्धी होती, तेवढीच अजून होती. सुरीनं खडे पाडले आणि कोमट पाण्यात विरघळवले. उन्हातून आलेल्या पाहुण्याला त्यांच्याकडे गूळपाणी द्यायचे, आणि इथं उणे पंधरात तो गूळपाण्याची बादली घेऊन बगळ्याच्या चालीनं गोठ्याकडे निघाला होता. निम्म्या वाटेत त्याचा पाय सटकला. पडला नाही, पण बादली हिंदकळली, आणि तिथंच उभं राहून त्याला वाटलं, मी इथं पडलो तर कुणाला कळेल? वैदेहीला रविवारी. सरलाला कदाचित आज संध्याकाळी, फोन उचलला नाही म्हणून; ती आधी समजेल बार्नमध्ये असतील, मग समजेल झोपले असतील. घोड्याला आत्ताच कळेल, पण घोडा कुणाला सांगणार? हे त्यानं आधी कधी असं सरळ मनात आणलं नव्हतं. तो फार एकटा होता, आणि हे एकटेपण त्यानं स्वतः मागून घेतलं होतं, घोड्याचं नाव पुढं करून. तांब्यानं बादलीत नाक घातलं, मिश्या ओल्या केल्या, दोन घोट घेतले आणि मान काढून घेतली. दोन घोट, पण घेतले.

वाट करायला हवी होती. वाळूची पोती संपली होती, मीठ दुकानांतूनच नाहीसं झालं होतं. ओला भुसा आणि लीद टाकून बघितली, तर ती बर्फावरून घसरून उताराला जमा झाली. जुना गालिचा, कांबळं, काहीतरी पसरायला हवं, असं म्हणत तो तळघरात उतरला आणि तिथं भिंतीला लावून ठेवलेल्या मंडळाच्या सतरंज्या दिसल्या. एके काळी तो महाराष्ट्र मंडळाचं सामान सांभाळायचा. गणपतीच्या वेळी शाळेचा हॉल भाड्यानं घ्यायचा, सकाळी सहा वाजता अच्युतनं आणि आणखी दोघांनी जाऊन सतरंज्या अंथरायच्या. निळ्या-लाल पट्ट्यांच्या, जाड, सोलापूरहून कुणाच्या तरी सामानातून एकेक करून आलेल्या. त्यांच्यावर माणसं मांडी घालून बसायची, मुलं झोपायची, आमटी सांडायची. त्याच सतरंज्यांवर वैदेहीनं एकदा लेझीम खेळताना लेझीमच सोडून दिलं होतं आणि रडत त्याच्याकडे पळत आली होती. आता मंडळात सगळे खुर्च्यांवर बसतात. गुडघे कुणाचेच राहिले नाहीत, आणि ज्यांचे आहेत त्यांना मांडी घालता येत नाही. मंडळाची नवी अध्यक्ष, कादंबरी नावाची चटपटीत मुलगी, दर वर्षी म्हणायची, काका, त्या डोनेट करून टाकू या ना. अच्युत म्हणायचा, असू दे, कधी लागल्या तर.

एकेक गुंडाळी खांद्यावर टाकून त्यानं वर आणली. बार्नच्या दारापासून कुंपणापर्यंत पहिली पसरली, तर ती पाय ठेवताच सरकली. तो तिथं उभा राहून बघत राहिला. मग आतून कोमट पाणी आणलं आणि सतरंजीच्या कडांवर, मधे, हातानं शिंपडत गेला, लग्नात मांडवाबाहेर सडा घालतात तसं. पाणी धाग्यांतून खाली गेलं, बर्फाला लागलं आणि गोठलं. सतरंजी बर्फाला धरून बसली. त्यानं खिळ्यांचे बूट काढून, मोज्यांवर, तिच्यावर चालून पाहिलं. पाय धरत होता. त्याला आनंद झाला, ऑफिसमध्ये आवाज सापडल्यावर व्हायचा तसा लहानसा आनंद. एकाला एक लावून त्यानं सगळ्या अंथरल्या, कुंपणापर्यंत आणि कुंपणाच्या कडेनं पुढं घराच्या दिशेनं, आणि जेव्हा पाठ सरळ केली तेव्हा दुपारच्या फिक्या उन्हात पांढऱ्या कुरणावर निळ्या-लाल पट्ट्यांची एक लांब पंगत तयार झाली होती. बसायला कुणी नव्हतं. त्यानं तांब्याला दोरी बांधली आणि दाराशी आणलं. घोड्यानं मान खाली घालून सतरंजी हुंगली, बराच वेळ हुंगली. काय वास आला असेल, आमटीचा की उदबत्तीचा. मग एक पाय ठेवला.

ते चालत राहिले. कुंपणापर्यंत जायचं, वळायचं, दारापर्यंत यायचं, थांबायचं, गूळपाणी पुढं करायचं, घोड्यानं तोंड फिरवायचं किंवा एक घोट घ्यायचा, पुन्हा निघायचं. अच्युत दोरी सैल धरून त्याच्या खांद्याशी चालत होता. खुरांचा आवाज नव्हता, सतरंज्या तो पिऊन टाकत होत्या. मधेच तांब्या थांबायचा आणि पाय ताणून लांब व्हायचा, अंग थरथरायचं. चल रे, तो म्हणायचा, चल बाबा. सकाळचा तो हलकेपणा सारखा वर येत होता आणि त्याला तो उलटून पाहावासा वाटत होता. सुटलो म्हणजे कशापासून? लीद काढण्यापासून? त्याचा त्याला कंटाळा नव्हता. हिवाळ्यापासून? हिवाळे त्यानं चाळीस काढले होते. घोडा मेला असता तर उद्या सकाळी डोळे उघडून तो कशासाठी उठला असता, हे त्याला सांगता येईना. मग वैदेहीचा फोन आला. डॉक्टरीणबाईंनी मालक म्हणून अजून तिचाच नंबर ठेवला होता, त्यांनी तिला कळवलं होतं. ती ऑफिसमधून बाहेर येऊन बोलत होती, मागं गाड्यांचा आवाज होता. ती रडत नव्हती. तिनं एकेक गोष्ट विचारून घेतली, चण्यांचं ऐकून म्हणाली, ओह बाबा, आणि पुढं काही म्हणाली नाही. ती काही म्हणाली नाही म्हणून तो बोलला.

"वैदेही, सकाळी ती भरलेली बादली बघितली ना, तेव्हा मला एक मिनिट बरं वाटलं. हा गेला तर बरं, असं वाटलं."



"मी टू, बाबा," ती म्हणाली. "एव्हरी विंटर. तुझा फोन वाजला की आय थिंक, कॉपर गेला. मग वाटतं, ओके, आता बाबा येईल. अँड देन आय हेट मायसेल्फ."

आपल्या मुलीला आणि आपल्याला एकच लाज वाटते हे त्याला आत्ता कळलं. चालवतोय, म्हणाला, संध्याकाळी सांगतो. फोन ठेवला आणि दोन पावलांनंतर त्याला समजलं. आता बाबा येईल, असं ती म्हणाली होती. घोडा गेला असता तर दुसऱ्या रविवारी फोन आला असता आणि त्याच्याजवळ म्हणायला ते वाक्य नसतं. सुटलो ते घोड्यापासून नव्हतं. त्या वाक्यापासून होतं. दर रविवारी एका मुक्या जनावराच्या आड लपून बायकोशी आणि मुलीशी खोटं बोलण्यापासून.

ऊन कलायला लागलं होतं. कुंपणाच्या टोकाला वळताना तांब्या थांबला, मागचे पाय फाकवले, शेपूट उचललं. काही झालं नाही. घोडा दोन पावलं चालला, पुन्हा थांबला, आणि मग लाल पट्ट्यावर आधी दोन कोरडे गोळे पडले, मग तीन, मग एकदम पुष्कळ, ओली, वाफाळणारी लीद, तिच्यात न पचलेले काळे चणे. मंडळाच्या सतरंजीवर. अच्युत तिच्याकडे बघत उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थंडीनं येतं तसं नाही, दुसरं. गंगेत घोडं न्हालं, असं तो मोठ्यानं म्हणाला, आणि त्या रानात ते मराठी ऐकायला तांब्याशिवाय कुणी नव्हतं. त्यानं टोपी काढून पोटाला कान लावला. उजवीकडे, फार खोल, कुठंतरी नळ सुटला होता.

डॉक्टरीणबाईंना कळवलं, त्या म्हणाल्या उद्या सकाळी येऊन बघते, तोवर गवतसुद्धा मूठभरच. वैदेहीला निरोप टाकला. मग तो बार्नमध्ये उलट्या बादलीवर बसला. त्यानं सरलाला फोन लावला, नेहमी तीच करायची. तिनं पहिल्या घंटेला उचलला. तिला वैदेहीनं सगळं सांगितलं होतं. कसा आहे, तिनं विचारलं. बरा आहे, तो म्हणाला. जेवलात का? नाही. सकाळपासून? सकाळपासून. मागं आन्या काहीतरी आपटत होती, एका लयीत, भांड्यावर चमचा. अच्युत तो आवाज ऐकत राहिला.

"सरला, तांब्याचं निमित्त होतं," तो म्हणाला. "तो नसता तरी मी आलो नसतो. मला तिथं करमत नाही."

चमचा थांबला, पुन्हा सुरू झाला.

"मला माहीत आहे," सरला म्हणाली. "मला तरी कुठं करमतंय? पण ही दुपारची झोपेतून उठली की आधी मला शोधते हो."

तो हो म्हणाला. हे त्याला अगदी कळत होतं. तिला तिकडे कुणीतरी शोधत होतं, त्याला इकडे. दोघांच्या मधे सबंध देश पसरला होता आणि तो कुणाची चूक म्हणून पसरलेला नव्हता. आज तिचा श्वास ऐकताना त्याला चोरी केल्यासारखं वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, पण ते सरळ वाटत होतं. मग सरलानं विचारलं की चालवलंत कुठं, सगळीकडे तर बर्फ आहे. त्यानं सतरंज्यांचं सांगितलं. ती हसली, कितीतरी महिन्यांनी हसली, मंडळाच्या सतरंज्या, म्हणाली, देवा, कादंबरीला काय सांगणार? काही नाही, तो म्हणाला, धुऊन देईन. पण आत्ता निघायच्या नाहीत त्या, बर्फात रुतल्या आहेत.

"मग ओढून काढायला जाऊ नका," सरला म्हणाली. "फाटतील. बर्फ वितळला की आपोआप सुटतील."

बरं, तो म्हणाला. फोन ठेवल्यावर पाठीमागं आवाज आला, म्हणून त्यानं वळून पाहिलं. तांब्यानं दुसऱ्या बादलीत, गूळपाण्याच्या, गळ्यापर्यंत तोंड घातलं होतं आणि तो पीत होता, लांब लांब घोट घेत, कान प्रत्येक घोटाला मागंपुढं हलत होते. शेवटी बादली भिंतीवर आपटली, रिकामी. अच्युत उठला, ती उचलली, आणि पाणी तापवायला सतरंज्यांवरून घराकडे निघाला.